सहा वसाहती आणि लोपीस सर

लोपीस सर आठवीच्या वर्गात शिरले की आधी बाकं सरकल्याचा आवाज येई, मग त्यांचा. ओमानमधल्या सलालाहच्या एका भारतीय शाळेत मी शेजारच्या वर्गात गणित शिकवायची. नव्वदच्या दशकातली माझी कितीतरी समीकरणं त्या खडखडाटात चुकली. एकदा तक्रार घेऊन गेले, तर वसईच्या या गृहस्थांनी मलाच दारात अडवलं. "मॅडम, इथून व्हिक्टोरियाची हद्द. बॅग दाखवा."

ऑस्ट्रेलियाचा धडा चालू होता. व्हिक्टोरिया धरून सहा वसाहती, प्रत्येकीचं सरकार वेगळं, जकात वेगळी, रुळांची रुंदीही सारखी नाही. त्यांचा एक देश कसा झाला, हे पुस्तकाने दीड पानात उरकलं होतं. सरांनी त्यावर तीन आठवडे घातले. प्रिन्सिपलनी बोलावून बजावलं, की स्नेहसंमेलनात याचंच नाटक करून दाखवा; जमलं नाही, तर पुढच्या वर्षी इतिहास दुसऱ्याकडे आणि तुम्ही लायब्ररीत. सर एकटे राहायचे. इतिहासाशिवाय त्यांना दुसरं काही नव्हतं, आणि हे मलाच काय, शिपायालाही ठाऊक होतं.

मुलांच्या सहा गटांनी, म्हणजे सहा वसाहतींनी, आपापल्या घरून पुठ्ठ्याचे रूळ करून आणले. कुणी इंचांत मोजले, कुणी सेंटिमीटरमध्ये, एकीने तर वितीने. तालमीत गाडी पहिल्याच हद्दीवर घसरली. मी कात्री घेऊन धावले.

"कापू नका," सर खुशीत म्हणाले. "तिकडेपण सेम झालं होतं. पब्लिक सामान घेऊन उतरायची, दुसऱ्या गाडीत चढायची."

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या गटापर्यंत तर रूळ पोचलेच नाहीत, मधल्या अंतराला पुठ्ठा पुरला नाही. त्या गटाची शबाना फणकारली, "सर, देन वी आर नॉट जॉइनिंग."

"नका होऊ. मत त्या दिवशी स्टेजवर द्या. मी लिहून देणार नाही."

मी सरांना बाजूला घेतलं. "अहो, ती नाही म्हणाली तर? प्रिन्सिपल समोर बसणार आहेत."

"तर देश होणार नाही, खलास. हो म्हणायला लावलं, तर मी शिकवलं काय, मॅडम?"

संमेलनाला हॉल गच्च भरला. हद्दीवर बोचकी घेऊन उतरणारी मुलं पाहून, आयुष्यभर विमानतळांवर बॅगा वाहिलेले आमचे पालक पोट धरून हसले. मग मतदान आलं. पाच गटांचे हात वर गेले. शबाना हाताची घडी घालून उभी राहिली. प्रिन्सिपलनी घड्याळ पाहिलं. विंगेत सर माझ्या शेजारीच होते, पण त्यांनी तिला साधी खूणही केली नाही.

तेवढ्यात व्हिक्टोरियाचा थॉमस वाकला. आपल्याच रुळांचा एक तुकडा त्याने उचकटला आणि नेऊन शबानाच्या पायाशी ठेवला. मग बाकीचे गटही वाकले. हे तालमीत कधी झालं नव्हतं, कुणी सांगितलंही नव्हतं. शबानाने त्या वाकड्यातिकड्या रुळांकडे पाहिलं, मैत्रिणींशी कुजबुजली, आणि अख्ख्या गटाचे हात वर गेले.

सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. प्रिन्सिपल स्वतः विंगेत आले. "लोपीसजी, अगले साल नाइन्थ-टेन्थ भी आप ही लीजिए." मला इतका अभिमान वाटला, जणू देश मीच जोडला होता.

ते गेल्यावर मी म्हटलं, "तुम्हाला खात्री होती ना, ती हो म्हणेल अशी?"

"कसली खात्री? नाहीच म्हणणार, असं वाटलं होतं," सर म्हणाले, आणि सगळ्या मुलांदेखत ढसाढसा रडायला लागले.