प्लास्टिकखालची सहा यंत्रं

परवा पायाच्या जखमेची पट्टी बदलायला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो होतो. शेजारच्या खोलीत सहा व्हेंटिलेटर प्लास्टिकखाली ओळीने उभे होते. एकावर कुणीतरी टॉवेल वाळत घातला होता. साथीत असं एक यंत्र मिळावं म्हणून मी थोरल्या भावाला घेऊन तीन गावं फिरलो. चौथ्या गावाच्या वाटेवर तो गाडीतच गेला.

“चालतात का हो ही?” मी पट्टी बांधणाऱ्या सिस्टरना विचारलं.

“साथ ओसरल्यावर आली. ऑक्सिजनला जोडायचे पाइपच आले नाहीत. दर महिन्याला मागणीपत्र पाठवते.”

वरच्या कुठल्याशा यादीत मात्र हा दवाखाना सज्ज म्हणून नोंदलेला असेल.

“आणि पुन्हा साथ आली तर?”

“म्हणून तर नव्या नर्सना हाताने श्वास द्यायला शिकवतेय,” असं म्हणत त्या समोरच्या वॉर्डात गेल्या. तिथे चार मुली एका पुतळ्याच्या तोंडावर मास्क धरून आळीपाळीने रबरी फुगा दाबत होत्या. थोड्याच वेळात एकीचे हात भरून आले.

“सिस्टर, किती वेळ दाबायचं?”

“थांबायचं नाही,” सिस्टर म्हणाल्या.