टोरोंटो ते जबलपूर, सरळ रेषेत

डॉक्टरांनी आईला घरी घेऊन जा म्हटलं, तेव्हाच आम्ही काय ते समजलो. जबलपूरच्या गोरखपूर मोहल्ल्यातल्या आमच्या घरी तिची खाट दारासमोर घेतली. ग्वारीघाटावरून नर्मदेचं पाणी आणलं, त्यात तुळशीचं पान टाकलं. मी चमचा तिच्या ओठांशी नेला, तर तिने दात आवळले.

"थोरल्याच्या हातून," ती म्हणाली. "तो येऊन राहिला ना?"

थोरला म्हणजे माझा भाऊ, टोरोंटोला असतो. विमानात बसल्याचा त्याचा निरोप त्याच सकाळी आला होता. दोन विमानतळांमधलं अंतर सांगणारी एक साइट मी मोबाईलवर उघडली आणि दोन्ही शहरं टाकली. सुमारे बारा हजार किलोमीटर, चौदा तास. निळी रेघ थेट आमच्या डुमना विमानतळावर येऊन टेकली. माझा जीव भांड्यात पडला.

"आज रात्री पोचतो," मी आईला सांगून मोकळी झाले.

माझ्या मुलीने फोन हातात घेतला. "मम्मी, ये तो सीधी लाइन है. मामा रात को दिल्ली उतरेंगे. जबलपुर की फ्लाइट कल दोपहर की है."

उभा जन्म जबलपुरात काढला, इथून कुठेही जायचं तर आधी दुसरं गाव गाठावं लागतं हे मला माहीत नव्हतं? त्या साइटने दोन ठिपके जोडले आणि मी अक्कल गहाण ठेवली. मग जबलपूर काढून नागपूर टाकलं, भोपाळ टाकलं, रायपूर टाकलं. कुठूनही टॅक्सी धरली तरी हिशेब उद्या दुपारवरच येत होता. तरी मी पुन्हा पुन्हा तीच गावं टाकत बसले.

आईचे ओठ फुटले होते, जीभ कोरडी पडली होती, तरी ती पाण्याला तोंड उघडेना. मला तिची दया येत होती आणि संतापही. इतकी वर्षं तिचं हगणंमुतणं मी काढलं, आणि पाणी मात्र त्याच्याच हातचं हवं!

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा श्वास अडखळू लागला. भाऊ दिल्लीच्या विमानतळावर बसून होता.

"आला का?" तिने डोळे मिटूनच विचारलं.

"आला," मी म्हणाले आणि चमचा पुढे केला.

तिने चाचपडत माझं मनगट धरलं. "खोटं काहून बोलून राहिली? हात तर तुझाच आहे."

मला रडूच फुटलं. चमच्यातलं पाणी तिच्या गळ्यावर सांडलं. मी दुसरा चमचा भरला, पण पुढे करायची हिंमत होईना. तिनेच माझा हात ओढून तोंडाशी नेला.

"दे," ती म्हणाली. "पण त्याले सांगू नको, मी वाट नाही पाह्यली म्हून."