चिठ्ठीतलं तिसरं काम

मी कंधारहून नांदेडला निघाले हे कळलं की गल्ली माझ्या हातात चिठ्ठ्या कोंबते. माझी पत्रकं छापून आणायची असतात. बाकी पिशवी लोकांची. त्या दिवशी शेजारच्या काकूंच्या चिठ्ठीत तीन कामं होती. ब्लाउजचं अस्तर, मोतिया रंगाचं. पावशेर खारीक. रिपोर्ट.

छातीतल्या गाठीचा रिपोर्ट, आणि तो खारकेच्या खाली!

तपासणीला त्यांना मीच ढकललं होतं. ‘बायांनो, दुखणं लपवू नका’ हे पत्रक माझंच; शेजारणीला कशी सोडणार? लॅबचा फॉर्मही मीच भरला.

काउंटरवरच्या बाईनं पाकीट काढलं, पण हातातून सोडेना.

“मुलगी का तुम्ही?”

“शेजारी.”

“घरचं कुणीच न्हाई आलं? नऊ दिवस झाले फोन लावून राहिलो. डॉक्टरांनी लगेच बोलावलंय त्यांना.”

तिनं फॉर्म पुढं सरकवला. नंबर काकांचा, अक्षर माझं. काकूंकडे फोन नाही, म्हणून मी नवऱ्याचा टाकून मोकळी झाले होते. बाईच्या अंगाची खबर पुरुषाच्या खिशात का जावी, असं चौकात ओरडणारी मी.

गाडीत खारकेची पुडी फुटली. मी ती गोळा केली नाही. पाकीट दोन्ही हातांनी धरून बसले होते.

काका ओट्यावरच होते. “नांदेडहून फोन आले होते का?” मी विचारलं.

“आलते की. कंपनीवाले असत्याल म्हनून कापले.”

मी काय बोलले ते इथं लिहिता येत नाही. निम्मं तर मलाच लागू होतं.

काकू मशीनवर होत्या. त्यांनी आधी अस्तर उजेडात धरलं. “मोतिया सांगितला व्हता गं. ह्यो तर पांढराफेक.”

“काकू, पाकीट.”

“आधी दुसऱ्यायचं सामान दिऊन ये. वाट बघत असत्याल.”

“बघू दे. उघडा.”

मशीन थांबलं. त्यांनी पदराला हात पुसले. “तूच वाच. समद्या गावाला वाचून दाखवतीस, मला बी दाखव.”

दुसरी ओळ मी दोनदा वाचली. काकूंना तेवढं पुरलं.

“उद्या पहिल्या गाडीनं जायचं,” मी म्हणाले. “दोघींनी. कुणाची चिठ्ठी घ्यायची नाही.”

त्यांनी अस्तराची घडी घातली, रिपोर्टसोबत पिशवीत ठेवली.

“जातोच हाव तर बदलून घिऊ,” त्या म्हणाल्या. “ब्लाउज माझ्या पोरीचा हाय. अर्धा ठिवून जमत न्हाई.”