शेवंतेचे जाळीचे अंगण

मेडशीच्या भागिरथाबाईंचा हात शेतीच्या कोणत्याही कामात अडत नसे. निंदण असो, सोंगणी असो की तुरीची झोडपणी असो, उभा जन्म दुसऱ्यांच्या वावरात राबून त्यांनी दोन खोल्यांचे घर बांधले आणि लेकीला शिकवून नोकरीला लावले. पती पंजाबराव वारल्यानंतर त्या घरात त्यांच्या सोबतीला तीन मांजरी उरल्या.

यंदा सोयाबीन निघाले आणि गावातल्या कुत्र्यांच्या टोळीने त्यांतल्या तांबडीला भर दुपारी दारापुढे फाडले. भागिरथाबाई खराटा घेऊन धावल्या, परंतु तोवर सारे आटोपले होते. मागे राहिल्या शेवंता आणि तिची पोर चांदणी. या दोघींना ऊन-वारा मिळाला पाहिजे, पण कुत्र्याचा दात लागता कामा नये, असे भागिरथाबाईंनी त्याच दिवशी मनाशी ठरवले.

घराच्या मागच्या भिंतीला लागून जाळीचे अंगण करायचे ठरले. मांजरींना घरातून थेट तिथे जाता यावे म्हणून खिडकीचा एक गज काढला. खांब म्हणून बाभळीच्या बल्ल्या भागिरथाबाईंनी स्वतः गाडल्या. जाळी ताणायला आणि लोखंडी दार बसवायला वहाब वेल्डर आला.

"मावशी, लोकाइले घरकुल भेटून नाही राह्यलं अन् तुमी मांजरीले बंगला बांधून राह्यल्या!"

"बंगला नाही रे बाबू, आंगण हाय. अन् वरूनबी जाळी टाक. मांजराची जात हाय, चढल्याबिगर राहीन का?"

"ते टाकतो. पण या बल्ल्याइले वाळवी लागन ना."

"तिचा बंदोबस्त म्या केला. तू तुह्यं काम कर."

शेजारच्या हिरीबाई आपल्या भिंतीवरून हे पाहत होत्या. त्यांच्या दुधावर शेवंतेने अनेकदा डल्ला मारला होता.

"बरं झालं वं भागिरथा, कोंडल्या ते. नाहीतर मीच एक दिवस याइचा निकाल लावनार होती."

अंगण झाले. भागिरथाबाईंनी आतली माती खणून मऊ केली. शेवंता आणि चांदणी कोवळ्या उन्हात पाय ताणून पडू लागल्या. बाहेर कुत्री जाळीला नाक लावून निघून जात. ते पाहून भागिरथाबाईंचा ऊर भरून येई.

आणि एका सकाळी शेवंता खिडकीतून घरात आली ती लटपटत आली. तिच्या तोंडातून लाळ गळत होती, अंग थरथरत होते आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. भागिरथाबाई अंगणाकडे धावल्या. दाराला कडी होती. जाळी कुठेही फाटलेली नव्हती. मग विष आत आले कसे? त्यांना हिरीबाईंचे शब्द आठवले आणि त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"हिरे! विष टाकलं तू माह्या लेकराले! तुह्या हाताले किडे पडतीन!"

सारी गल्ली गोळा झाली. हिरीबाई दारात उभ्या राहिल्या. वहाबने मोटारसायकल काढली. शेवंतेला दुपट्यात गुंडाळून भागिरथाबाई मागे बसल्या.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी विषावरचे इंजेक्शन दिले आणि विचारले, "बाहेर कुठे गेली होती का?"

"नाही मॅडम. कोनंतरी आत टाकलं. मले मालूम हाय कोनं ते."

डॉक्टरबाईंनी शेवंतेचा पुढचा पंजा उचलला. नखांत ओली माती होती. "ही माती कुठली? जरा वास घ्या."

भागिरथाबाई वाकल्या. त्या उग्र वासाची ओळख त्यांना कोणी करून देण्याची गरज नव्हती. दर पेरणीला तो त्यांच्या पदराला असे. कुडाची मेढ रोवायची, खुंट गाडायचा, तर बुडाशी वाळवीच्या दाणेदार औषधाची मूठ टाकून माती सारायची, ही घरोघरची रीत. त्यांच्या हाताने ती प्रत्येक बल्लीपाशी पाळली होती. मांजर आपली घाण करण्यासाठी मऊ माती उकरते आणि मग पंजे चाटून स्वच्छ करते, हे त्यांनी जन्मभर पाहिले होते. मोकळी असताना शेवंता वावरात जात असे. कोंडल्यावर ती जाणार कुठे? आणि माती मऊ करून ठेवली होती कोणी?

"मॅडम," त्या कशाबशा बोलल्या, "म्याच टाकलं."

"साबण लावून पंजे धुवा," डॉक्टरबाई म्हणाल्या. " दुसरं मांजर आहे का घरी?"

चांदणी! भागिरथाबाईंनी शेवंतेचे पंजे धुतले आणि फोनवर बोलत असलेल्या वहाबला गाडी काढायला लावली. शेवंतेला दुपट्यात घेऊन त्या घरी पोहोचल्या. जाळीचे अंगण रिकामे होते. एका बल्लीच्या बुडाशी माती उकरलेली होती. चांदणीला हाका मारत त्या घरात आणि अंगणात शोधू लागल्या.

"कायले धुंडून राह्यली?" भिंतीपलीकडून आवाज आला. "माह्या घरी हाय. तू तिकडे गेली अन् हे खिडकीत ओरडून राह्यली होती. तुह्या शिव्या खाऊनबी दूध पाजलं म्या तिले, टोपल्याखाली झाकून."

"हिरे, तू नाही वं. म्याच..."

"आयकलं. वहाबनं फोनवर सांगतलं." हिरीबाईंनी भिंतीवरून माती खणायची टिकास पुढे केली. "रडशीन मंग. पयले ते माती काढ."

हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून दोघींनी खड्डे खोल खणले आणि माती पोत्यांत भरून बाजूला काढली. लाकडी बल्ल्या गेल्या, वहाबने लोखंडी खांब दगडांवर बसवले. कोपऱ्यात मांजरींसाठी नाल्याच्या वाळूचे घमेले ठेवले गेले.

शेवंता वाचली. मागचा पाय अजून ओढते. ती खिडकीत येऊन थांबते आणि भागिरथाबाई आधी अंगणात जाऊन बसल्या तरच बाहेर उतरते. मग भागिरथाबाई तिला मांडीवर घेतात. पण त्याआधी आपला उजवा हात नाकाशी नेतात आणि बराच वेळ हुंगून पाहतात.