दारूची शाई

आमच्या घरी माणूस आला की आधी त्याचा वास घेतात, चेहरा नंतर बघतात. ही खोड दादामुळे लागली. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, भाजीचा टेंपो चालवायचा. इंदापूरकडची ढोबळी मिरची आणि डाळिंबं घेऊन पुण्याला जायचा आणि परतताना कुठेतरी बसायचा. घराच्या दारात आला की वहिनी आडवी उभी राहून म्हणायची, "हा करा." दादा तोंड उघडून श्वास सोडायचा आणि त्यातून वेलची यायची. गालात दाबलेली वेलची आणि शर्टावर भसाभसा मारलेला सेंट. ज्या घरात पिणारा माणूस असतो त्या घराला हा वास कशाचा ते सांगावं लागत नाही. नुसत्या दारूचा वास एक वेळ सोसला असता, असं वहिनी म्हणायची. लपवालपवीचा वास तिच्या डोक्यात जायचा.

शेवटी ती लेकीला घेऊन इंदापूरच्या पलीकडे माहेरी निघून गेली. दादा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला आणि तिथून थेट माझ्याकडे बारामतीला आला. इथे मी शाळेत चित्रकला शिकवते आणि आई माझ्याजवळ असते. मी लग्न केलं नाही, त्यामुळे घरातली सगळी जास्तीची माणसं माझ्याकडे येतात, असा आमच्याकडे एक न लिहिलेला नियम आहे. दादा आला त्याच आठवड्यात वहिनीने आईला फोन केला. "मी एकदा यीन, बघंन. वास आला तर दारातनंच माघारी जाईन. मग मला परत बोलवायचं न्हाय." एवढंच बोलून तिने फोन ठेवला. कधी येणार ते सांगितलं नाही.

आणि माझ्या घरात तर स्पिरिटच्या बाटल्या.

मी शुभेच्छापत्रं करते. वाढदिवसाची, बारशाची, गुरुजींच्या निवृत्तीची. ती ज्या शाईने करते तिला अल्कोहोल इंक म्हणतात. गुळगुळीत, प्लास्टिकसारख्या कागदावर शाईचा थेंब टाकायचा, त्यावर स्पिरिटचा एक थेंब, आणि स्ट्रॉमधून फुंकर मारायची. फुंकर जाईल तिकडे रंग पळतो, कडेला गडद रेघ धरतो आणि बघता बघता वाळतो. मग त्यावर सोनेरी वर्खाचे कपटे चिमट्याने उचलून डिंकावर बसवायचे. हे कपटे इतके हलके की समोर कोणी बोललं तरी उडतात. म्हणजे आधी छातीभर फुंकायचं आणि मग श्वास रोखून बसायचं, पंखा बंद करून, बारामतीच्या उन्हाळ्यात. आईने पहिल्यांदा विचारलं, "कसली शाई म्हनलीस?" मी मास्तरीण, मला सगळ्याचं मराठी करून सांगायची सवय. म्हणाले, "दारूची शाई." त्या दिवसापासून आईने तो शब्द धरला तो धरलाच. शेजारच्या काकूंनाही तिने सांगितलं की आमची लेक दारूने चित्रं काढते.

दादा यायच्या आदल्या दिवशी मी शाई, स्पिरिट, वर्ख सगळं एका खोक्यात भरलं आणि माळ्यावर टाकलं. ते स्पिरिट प्यायचं नसतं, विषच असतं ते. पण तलफ आलेली माणसं काय काय पितात हे मी ऐकून होते. ऑर्डरी नाकारल्या. दादाला काही सांगितलं नाही. तो दिवसभर गॅलरीत बसून खालच्या रस्त्याने जाणारे टेंपो बघायचा आणि आई स्वयंपाकघरातून त्याला बघायची.

एक दिवस शाळेतून आले तर माळ्याखाली स्टूल. खोकं टेबलावर उघडं, स्पिरिटची बाटली बाहेर, आणि दादा माझ्याकडे पाठ करून खिडकीशी उभा. आई देवळात गेलेली. मी चप्पल न काढता तशीच आत गेले. तो वळला. त्याच्या हातात माझं एक जुनं कार्ड होतं, उजेडासमोर धरलेलं.

"हे कसं करतात गं?" त्याने विचारलं.

मी वास घेत होते. लपवायचा प्रयत्न केला, पण नाकपुड्या थोड्याच लपतात. त्याला कळलं.

"वास घेतीस व्हय? घे की," तो म्हणाला आणि जवळ येऊन उभा राहिला, हात खाली सोडून. कसलाही वास नव्हता. मला त्याचा भयंकर राग आला. घाबरवल्याचा राग, आणि असा गरीब गाईसारखा उभा राहिल्याचा तर जास्तच. बाटलीचं झाकण मी फिरवून बघितलं. ते घट्ट होतं.

"माळ्यावर कशाला ठिवलीस?" तो म्हणाला. "कपाटात ठेव. माझ्यासमोर कुलूप लाव आन् किल्ली तुझ्यापाशी राहू दे. पर मला हे शिकव."

शिकवलं. काय करणार. लेकीचा वाढदिवस जवळ आला होता आणि त्याला तिच्यासाठी कार्ड करायचं होतं, हे त्याने दोन-तीन दिवसांनी, कागदाकडे बघत सांगितलं. स्पिरिटचा थेंब मी टाकायची, फुंकर तो मारायचा. बाटलीला त्याने कधी हात लावला नाही. माझी बोटं रंगली की मी स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची, दोन मिनिटांत साफ. तो लिंबू चोळायचा, खोबरेल चोळायचा, नळाखाली दगडाने घासायचा, आणि तरी त्याची नखं जांभळी ती जांभळीच. मी एकदा बोळा पुढे केला तर म्हणाला, "हाताला वास नगं." मग पुन्हा मी बोळा पुढे केला नाही.

फुंकर त्याला लगेच जमली. वर्ख काही जमेना. त्याचे हात थरथरत, कपटा डिंकापर्यंत पोचायच्या आतच निसटायचा. त्याचं टाळकं फिरायचं. एकदा चांगला झालेला कागद त्याने चुरगळून भिंतीवर फेकला आणि पायात चपला अडकवून तडक बाहेर गेला. आई आणि मी एकमेकींकडे बघत बसलो. अंधार पडला. आईने भाकरीचं पीठ मळून तसंच झाकून ठेवलं. आमच्या दोघींच्या मनात एकच रस्ता होता, स्टँडमागचा, दारूच्या दुकानाचा, आणि दोघींपैकी एकीलाही तो बोलून दाखवायचा नव्हता. जिन्यात पाऊल वाजलं तशा आम्ही दोघी एकदम दाराशी गेलो आणि दोघींनी एकदम नाक पुढे केलं. दादाच्या हातात रसवंतीतून मागून आणलेल्या स्ट्रॉचा पुडा होता. "जुन्या मऊ पडल्या हुत्या," तो म्हणाला. आईने आत जाऊन तवा चढवला.

मग एके शनिवारी वहिनीचा फोन आला. उद्या येते, एकटीच. लेकीला आणणार नव्हती. आधी स्वतः बघणार होती.

रविवारी सकाळी दादा कार्डाला शेवटचा वर्ख लावत होता. निळे-जांभळे डोंगर, त्यांच्या कडेने बारीक सोनेरी रेघ. हात तेव्हाही थरथरत होते, पण त्याने एक युक्ती काढली होती. मनगट टेबलाच्या कडेला दाबून धरायचं आणि श्वास सोडून झाल्यावर, पुढचा घ्यायच्या आधी, कपटा ठेवायचा. मी कौतुक केलं नाही, दृष्ट लागेल असं वाटलं. घरात स्पिरिटचा वास भरला होता, इंजेक्शन द्यायच्या आधी कापूस फिरवतात तसा. मी खिडक्या उघडल्या, बाटली कपाटात घातली, कुलूप लावलं आणि स्कूटी काढून स्टँडवर गेले. वहिनीला वाटेत सगळं समजावून सांगायचं ठरवलं होतं. शाई कसली, वास कसला, बाटली कुठे.

वहिनी एसटीतून उतरली. बारीक झाली होती. स्कूटीवर मागे बसली आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "वन्सं, काय सांगू नका. मी बघंन." मी स्कूटी चालू केली. तिचा हात माझ्या खांद्यावर होता आणि तो हात गार पडला होता.

जिना चढताना, पहिल्याच वळणावर, मला वास आला. स्पिरिटचा नाही. सेंटचा.

मागे वहिनीची पावलं थांबली. मग पुन्हा चालू झाली, सावकाश.

झालं होतं ते असं. मी गेल्यावर आईला राहवेना. घरात दारूच्या शाईचा वास, सून तर येऊन ठेपलेली. आईने माझ्या कपाटावरची सेंटची बाटली घेतली आणि बैठकीत मारला, पडद्यांवर मारला, दादाच्या शर्टावर मारला. कार्डालाही वास येतो म्हणून कार्डावर मारला. सेंटमध्येही अल्कोहोलच असतं हे तिला कुठून माहीत असणार. आयुष्यभर लेकाची लाज झाकत आलेली बाई, तिने नेहमीच्या पद्धतीने ती पुन्हा झाकली होती, आणि झाकायला या वेळी काही नव्हतंच.

दार उघडं होतं. दादा बैठकीत कार्ड घेऊन उभा होता. डोंगरांवर जिथे सेंटचे थेंब पडले तिथे रंग विरघळून पांढरी वर्तुळं उमटली होती, गारा पडून गेल्यागत. आई भिंतीला टेकून उभी. सेंटची बाटली अजून तिच्या हातातच होती.

वहिनी उंबऱ्याच्या बाहेर थांबली. चप्पल काढली नाही. मला ओरडून सांगावंसं वाटलं की हे सगळं आईने केलंय, पण दादाच्या वतीने घरातल्या बायकांनी पुढे होऊन बोलणं, हे वहिनीने किती वर्षं ऐकलं होतं ते मला माहीत होतं. मी ओठ घट्ट मिटून उभी राहिले.

"हा करा," वहिनी म्हणाली.

मला मान वळवावीशी वाटली. बघवेना मला. पिकत चाललेल्या केसांचा माझा भाऊ, त्याच्या आईसमोर, बहिणीसमोर. दादा उंबऱ्यापर्यंत गेला, थोडा वाकला, तोंड उघडलं आणि श्वास सोडला.

वहिनीने डोळे मिटून घेतले.

"लसूण," ती म्हणाली.

"ठेचा खाल्ला," दादा म्हणाला. "आई वेलची देत हुती. मी न्हाय घेतली."

वहिनीने डोळे उघडले. तिची नजर त्याच्या हातांवर गेली. "नखं का अशी?"

"शाईनं. निघत न्हाय." त्याने कार्ड पुढे केलं. "पोरीसाठी केलं हुतं. आईनं सेंट मारला, खराब झालं. दुसरं करतो."

वहिनीने कार्ड घेतलं, उजेडाकडे धरलं. सोनेरी रेघेवरून तिचं बोट अगदी हलकं फिरलं. माझ्या भावाच्या कपाळावर घाम आला होता. मला वाटलं, आता ही कार्ड परत देईल आणि जिना उतरेल. उतरली असती तरी तिला दोष देता आला नसता.

"ऱ्हाऊ द्या हेच," ती म्हणाली. आणि मग खालच्या आवाजात, आम्हाला ऐकू जाऊ नये अशा बेताने, पण जिन्यात आवाज घुमतो, "मी असं इचारलं, तुमाला लागलं आसंल."

"लागलं," दादा म्हणाला. "तरी रोज इचार."

"रोज इचारायला मला हितं ऱ्हावं लागंल."

"व्हय," दादा म्हणाला.

वहिनीने कार्ड पदराखाली धरलं. तिने मान खाली घातली होती, मला तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त चपलेतली बोटं दिसत होती, आणि ती बोटं आवळलेली होती. आईला तो ताण सहन झाला नाही. "चहा टाकते," असं म्हणत ती स्वयंपाकघरात पळाली. पातेल्याचा आवाज आला, मग डब्यांचा.

वहिनीने एक चप्पल काढली. मग दुसरी. दोन्ही चपला पायानेच सरकवून भिंतीकडेला, दादाच्या चपलांशेजारी लावल्या आणि उंबरा ओलांडून सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेली.

"आत्याबाई," ती म्हणाली, "चहात वेलची नका घालू."

आईने वेलचीचा डबा परत फळीवर ठेवला.