शुभदाचं सोवळं

शुभदाच्या भावाचा, अभयचा फोन आला तेव्हा मी हात धूत होते. नुसती दुधाची पिशवी घेतली होती, पण कोपरापर्यंत साबण लावलेला आणि फोन ओट्यावर वाजतोय. मी हात नीट धुतले, कोरडे केले आणि मगच फोन उचलला. "विद्याताई, ताई गेली," अभय म्हणाला. बातमी अनपेक्षित नव्हती. मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की या बाईनं मला चांगलीच सवय लावून ठेवली आहे. त्याला महिना होऊन गेला. सवय अजून गेलेली नाही.

शुभदा आणि मी शाळेपासूनच्या मैत्रिणी. ती पुढे वकील झाली, दिवाणी दावे चालवायची. ग्वाल्हेरच्या कोर्टात अस्खलित हिंदीत भांडायची आणि संध्याकाळी फूलबागेत फेऱ्या मारताना तेच भांडण मला मराठीत पुन्हा ऐकवायची. वाद हा तिचा धंदाही होता आणि विरंगुळाही. त्याचा सराव तिनं घरातच केला होता, आपल्या आईवर. माईंचं माहेर आणि सासर दोन्ही पुरोहितांचं. घराण्याला दक्षिणेतून ग्वाल्हेरला येऊन कित्येक पिढ्या झाल्या, पुढची पिढी नोकऱ्यांना लागली, पण माईंचं सोवळं काही ढळलं नाही. कुळधर्माच्या दिवशी न्हाऊन, रेशमी सोवळं नेसून त्या स्वयंपाकाला लागल्या की नैवेद्य होईपर्यंत त्यांना कुणी शिवायचं नाही. कॉलेजात असताना शुभदा नेमकी तेव्हाच जाऊन त्यांना मिठी मारायची. माई पुन्हा न्हायला जायच्या, आणि जाता जाता तिला हिंदीत बोलायच्या, कारण इतक्या रागाला मराठी पुरायची नाही.

अशा या शुभदाला पन्नाशीच्या आतच रक्ताचा कर्करोग झाला. बोन मॅरो प्रत्यारोपण करायचं ठरलं. धाकट्या भावाचा, अभयचा मॅरो जुळला. प्रत्यारोपण दिल्लीला व्हायचं होतं, पण त्याआधीची केमोथेरपी ग्वाल्हेरच्याच एका रुग्णालयात. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, की या औषधांनी पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा होतील आणि त्या काळात संसर्ग होता कामा नये. ताप चढला तर दिल्लीची तारीख पुढे जाणार, आणि तोवर आजार वाट बघत बसेल याची हमी नाही. म्हणजे सगळा दावा एका तापावर येऊन अडला होता.

शुभदानं तो आजवर कुठलाच लढवला नसेल अशा जिद्दीनं लढवला. सकाळी रक्त घेऊन जायचे. मग औषधाच्या पाण्यानं गुळण्या, छातीत बसवलेल्या नळीचं ड्रेसिंग, अंघोळ, रोज बदललेली चादर. खाणं ताजं, वाफाळतं. कच्चं काही नाही, दही नाही, खोलीत फूल नाही. केस गळायला लागल्यावर तिनं डोकं साफ करून घेतलं आणि मला म्हणाली, "आता शांपूचा वेळ वाचेल." गुळण्या करून करून तोंड सोललेलं असायचं, तरी दरवाजा ते खिडकी आणि खिडकी ते दरवाजा अशी ती चालायची. खिडकीतून किल्ल्याची कड दिसायची, तिच्याकडे बघत मनातल्या मनात पुढच्या तारखांचे युक्तिवाद करायची. आणि दार उघडलं की तिचा एकच प्रश्न, हाथ धोए? मला, सिस्टरना, सफाईवाल्या मावशींना, सगळ्यांना. एकदा मोठे डॉक्टर थेट आत आले. त्यांनाही तिनं नम्रपणे थांबवलं आणि "तुमचा हात दाराच्या कडीला लागलेला मी पाहिला," असं सांगितलं. ते हसून पुन्हा हात धुवायला गेले. मी तिथेच मास्कच्या आत हसले. ज्या मुलीनं आईला पुन्हापुन्हा न्हायला पाठवलं, ती आता अख्ख्या रुग्णालयाला पुन्हापुन्हा नळाकडे पाठवत होती.

याच दिवसांत नवरात्र आलं. अष्टमीला दुपारी दार वाजलं आणि बघते तर माई! पहाटे उठून, सोवळ्यात पुरण घालून, नैवेद्य दाखवून त्या तशाच आल्या होत्या. अभयच्या गाडीत सीटवर धूतवस्त्र अंथरून बसल्या, लिफ्टमध्ये कुणाचा स्पर्श नको म्हणून जिने चढून आल्या. एका हातात पुरणाचा डबा, वर तुळशीचं पान. दुसऱ्या हातात पंचामृताची वाटी. अंगावर तेच रेशमी सोवळं… इतकं पवित्र की वर्षानुवर्षं त्याला साबण लागला नव्हता, नुसतं दांडीवर वाळत राहिलं होतं. माईंच्या लेखी लेकीसाठी जगात याहून शुद्ध काही असू शकत नव्हतं. आणि डॉक्टरांनी जे जे नको म्हणून सांगितलं होतं, ते सगळं त्यांच्याबरोबर दारात उभं होतं. कच्चं पान, दही, न धुतलेलं रेशीम.

मला वाटलं, आता हिची जीभ सुटणार, आणि एवढे जिने चढून आलेली म्हातारी तशीच परत जाणार. शुभदा पलंगावरून उठली, पण पुढे आली नाही.

"माई, तिथेच थांब," ती म्हणाली. "तू देवाच्या सोवळ्यात आहेस. मी या खोलीच्या सोवळ्यात आहे. आज तू मला शिवायचं नाहीस."

माई थबकल्या. आम्ही त्यांना पांढऱ्या पेशी समजावून थकलो होतो, त्यांच्या काही डोक्यात शिरलं नव्हतं. ते या एका वाक्यानं शिरलं. दोन पावलं मागे सरून त्यांनी विचारलं, "मग तुझ्या सोवळ्याला काय काय लागतं, ते सांग."

शुभदानं सांगितलं. साबणानं धुतलेलं, इस्त्री केलेलं सुती लुगडं. कोपरापर्यंत हात. अन्न उकळलेलं, भांडी उकळलेली. माई मान डोलवत ऐकत होत्या. त्या दिवसापासून डबा माईंचाच. नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो, त्यामुळे न चाखता बेतशीर मीठ घालायचा हात त्यांना आयुष्यभराचा होता. आम्ही इतर जणी चमच्यानं चाखून तोच चमचा परत घालणाऱ्या, आमची तिथे डाळ शिजली नाही. पुढे शुभदाच्या तोंडाची चव गेली, काही लागेना, तेव्हा ती म्हणाली, कांद्याचं पिठलं मिळेल का… माईंनी त्या स्वयंपाकघरात जन्मात पहिल्यांदा कांदा चिरला. शुभदानं डबा चाटूनपुसून संपवला.

ताप आला नाही. ठरल्या दिवशी ती दिल्लीला गेली, अभयच्या पेशी तिच्यात रुजल्या, आणि मास्क लावून ती पुन्हा कोर्टात उभी राहिली. दोन-अडीच वर्षं मिळाली. कमी मिळाली असं मला वाटतं, आणि ते मी कुणापासून लपवत नाही. पण ती तिनं कमावलेली होती.

आजार उलटला तेव्हा करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. घरी जा, वाटेल ते खा, हवं त्याला भेटा, असं डॉक्टर म्हणाले. याचा अर्थ तिला आमच्या आधी कळला. घरी येऊन पडल्यावर तिनं माईंना हाक मारली. माई सवयीनं दारातच थांबल्या, हात धुवायला वळल्या.

"राहू दे गं," शुभदा म्हणाली. "माझं सोवळं सुटलं. आता ये जवळ."

माई पलंगावर बसल्या आणि तिचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं. मी बाहेर आले.

परवा त्यांच्याकडे गेले होते. तिथी कुठलीशी होती, शुभदाला जाऊन वर्ष झालं नव्हतं म्हणून सण काही नव्हता, पण देवापुरता वरणभात त्या करत होत्या. अंगावर रेशीम नव्हतं. रुग्णालयात नेसायच्या तेच सुती लुगडं, धुऊन इस्त्री केलेलं. मी लहानपणापासूनच्या धाकानं उंबऱ्याबाहेरच उभी राहिले, शिवायला नको म्हणून. माईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"ये ना आत, लागला धक्का तर लागू दे," त्या म्हणाल्या, आणि मग अगदी तिच्याच आवाजात, "हाथ धोए?"

मी दोन्ही हात पुढे करून दाखवले.