कासाराला दिलेला हात

परक्या पुरुषानं बाईचा हात धरला तर आमच्या काळी कुऱ्हाडी निघायच्या. कासारानं धरला तर मात्र बांगड्या भरून झाल्यावर बाईनंच त्याला वाकून नमस्कार करायचा! ही रीत कुणी काढली देव जाणे.

कुरुंद्याला, माझ्या सासरी, आमच्या ओसरीवर येणारा कासार पिकल्या मिशांचा होता. सगळी गल्ली त्याला मामा म्हणायची. माझ्या माहेरी, पुसेगावला, कासारीण यायची, त्यामुळे पुरुषाच्या हातात हात द्यायची मला सवय नव्हती. पहिल्या खेपेला त्यानं माझा तळवा बराच वेळ दाबला, चोळला. मला वाटलं, काचेची बांगडी, हात मऊ केल्याशिवाय चढणार कशी? दुसऱ्या खेपेला शेवटची बांगडी मनगटात येऊन बसली तरी त्याचा हात निघेना. तो कोपरापर्यंत वर सरकला आणि मामानं हळूच डोळा मारला. मी बाविशीची, एका लेकराची आई, पण तोंडातून शब्द फुटला नाही. उलट रीतीप्रमाणे नमस्कार केला. त्या नमस्काराची चीड मला अजून येते.

सांगायचं कुणाला? नवरा म्हणणार, तूच हसली असशील. सासूबाई विधवा, करड्या स्वभावाच्या. अख्खी गल्ली त्यांना वचकून असायची. सहनही होत नाही आणि सांगताही येत नाही, अशी माझी गत झाली. पुढच्या सणाला मामाची हाळी आली तेव्हा माझे पाय चुलीपासून हलेनात.

"काहून बसून राहिली?" सासूबाईंनी विचारलं. मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. आता थोबाडीत बसणार, म्हणून डोळे मिटून घेतले.

त्या ताडकन उठल्या. तरातरा ओसरीवर गेल्या, जमलेल्या बायकांदेखत कासारापुढे मांडी घालून बसल्या आणि आपला ओका हात त्यांनी पुढे केला. विधवा बाई कासारापुढे! बायकांनी तोंडाला पदर लावले.

"घे, दाब," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या सुनेचा दाबला तसा बराबर दाब. समद्यांना बघू दे."

"बाई, हे काय बोलून राहिल्या तुमी..." मामा चाचरला. त्याला त्या हाताला शिवायचा धीर होईना. घाईघाईनं बांगड्या गोळा करून तो चालता झाला.

त्याची पाठ वळली तशी शेजारीण हळूच म्हणाली, "मलाबी तसंच करायचा." मग दुसरी बोलली. मग तिच्या मागची. मी चाटच पडले. एकाच ओसरीवर मांडीला मांडी लावून बसायचो आम्ही, आणि प्रत्येकीला वाटायचं, हे आपल्याच नशिबी आलंय!

"मंग बोलल्या काहून न्हाई?" सासूबाई कडाडल्या.

"तुमी तरी कुठं बोलल्या?" एक म्हातारी म्हणाली. सासरे होते तोवर सासूबाईंच्या हातातही याच माणसानं बांगड्या भरल्या होत्या.

सासूबाईंनी दोन्ही हात पदराखाली ओढून घेतले.

"न्हाई बोलले," त्या म्हणाल्या. "धनी गेले, तवा सुटले."